शून्य विषुवांशापाशी गायब होणारे तारे
टायको-२ या ताऱ्यांच्या कॅटलॉगमधले सुमारे 25 लाख तारे मी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवलेत. शोध छान चालायचे, पण अल्फेराट्झ या ताऱ्याभोवती 3 अंशांतले तारे मागितले की पश्चिमेकडचे काही गायब! त्याचा विषुवांश (आकाशातलं रेखांशासारखं माप, 0 ते 360 अंश) जेमतेम 2.1 अंश, त्यामुळे वर्तुळ 0 ओलांडून 360 च्या अलीकडे शिरतं आणि विषुवांश किमान-कमालच्या मध्ये असण्याची अट तिथेच तुटते. अट दोन तुकड्यांत लिहून भागलं असतं, पण ध्रुवाजवळ पुन्हा तेच रडगाणं.

म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या एकक सदिशाचे (ताऱ्याच्या दिशेने 1 लांबीचा बाण) एक्स, वाय, झेड असे तीन रकाने वाढवले. आधी क्रांतीच्या (आकाशातलं अक्षांशासारखं माप) इंडेक्सवर पट्टा गाळायचा, मग दोन सदिशांची टोकं जोडणाऱ्या जीवेची (सरळ रेषेची) लांबी 2 × साइन (त्रिज्या/2) च्या आत आहे का बघायचं. कोसाइन मुद्दाम टाळला. लहान कोनांत तो 1 ला इतका चिकटतो की दशांश हरवतात.