ग्रीक वैद्यांची जवाची पेज आणि मध-सिरका, इंदूरच्या गॅसवर

आधीच सांगून टाकते, ही कुठल्या आजारावरची ट्रीटमेंट नाहीये, ताप आला की सरळ डॉक्टरकडे जायचं. पण जुने ग्रीक वैद्य आजारी माणसाला नेमकं काय पाजायचे हे वाचत होते आणि लक्षात आलं की अरे, ही तर आपली पेज! मग काय, करूनच बघितली. पहिल्यांदा पार फसली, नंतर जमली, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याचं नाव घेतलं की सगळ्यांना डॉक्टरांची शपथ तेवढी आठवते. माणूस कोस बेटावरचा, जन्म इ.स.पू. 460 च्या आसपासचा. त्याच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत पण ते सगळे काही त्याने एकट्याने लिहिलेले नाहीत, आपल्याकडे व्यासांच्या नावावर जसं कायकाय जमा झालंय तसंच. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ‘अन्न हेच तुझं औषध असू दे, इति हिप्पोक्रेटिस’, ते वाक्य त्या ग्रंथांत कुठेच नाहीये. गंमत म्हणजे त्या फेकू वाक्यापेक्षा खरा मजकूर जास्त मजेदार आहे. त्यातला एक ग्रंथ आहे जोरात आलेल्या आजारांतल्या पथ्याबद्दलचा, त्याला जुन्या काळी ‘पेजेबद्दल’ असंही नाव होतं! त्यात लेखक क्निडोस नावाच्या दुसऱ्या ग्रीक गावच्या वैद्यांवर घसरलाय, की यांच्याकडे औषधं म्हणजे जुलाब, दूध नि फाटलेल्या दुधाचं पाणी, झालं, संपलं. आणि मग स्वतः जवाच्या पेजेवर पानंच्या पानं लिहितो.

तर त्या पेजेचं नाव प्टिसाने. शब्दाचा अर्थच ‘कांडलेलं’, म्हणजे उखळात कांडून टरफल काढलेले जव. हा अर्थ आधी माहीत असता तर माझी पहिली खेप वाया गेली नसती. झालं असं की सियागंजात गेले, एका दुकानात म्हटलं ‘भिया, जव देना’, त्याने पुडी बांधून दिली, मी घरी येऊन भिजवले, दीड तास शिजवले आणि पहिल्या घोटाला घशात कुसळं. ते हवनाचे जव होते, टरफलासकट. दुकानदाराने आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मीही सांगितलं नव्हतं म्हणा. तुम्ही मागताना स्पष्ट सांगायचं, छिलकेवाले नकोत, खायचे सोललेले जव. नाहीतर सरळ पर्ल बार्लीचं पाकीट घ्या, त्यात कोंडा फारच निघालेला असतो पण पेज छान होते. घरात खलबत्ता किंवा उखळ असेल तर टरफलाचे जव थोडे ओलसर करून कांडता येतात, मग उन्हात वाळवून पाखडायचे, ग्रीक लोकही भिजवून, कांडून, वाळवूनच ठेवायचे, पण एवढा खटाटोप एकदा हौस म्हणून ठीक आहे.

एक वाटी सोललेले जव रात्री धुऊन भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका, मिक्सरमधून एकदाच गर्रकन फिरवा, दाणा फुटला पाहिजे पण पीठ व्हायला नको. जाड बुडाच्या पातेल्यात दहा वाट्या पाणी, उकळी आली की जव घाला, गॅस बारीक करा आणि सव्वा ते दीड तास विसरा. विसरा म्हणजे अगदी विसरू नका, फेस येऊन उतू जातं, पळी आडवी ठेवायची, आणि पाणी आटलं की वरून गरमच पाणी घालायचं. कुकरमध्ये मी करत नाही, फेस शिट्टीत चढतो. दाणा बोटाने दाबला की मऊ लोण्यासारखा फिस्कटला पाहिजे, तोवर थांबायचं. त्या ग्रंथात याचं कारण दिलंय ते मला फार आवडलं: शिजताना जेवढं फुगायचं तेवढं फुगून घेतलेलं असतं म्हणून पोटात गेल्यावर फुगत नाही. म्हणजे फुगायचं ते पातेल्यातच फुगू दे! शिवाय गुळगुळीत, बुळबुळीत, तहान भागवणारी, सहज बाहेर पडणारी असं पेजेचं कौतुक आहे तिथे. जव उत्तम प्रतीचे हवेत आणि शिजलेले तर त्याहून उत्तम, एवढी अट.

मीठ चवीपुरतं. तूप-जिरं घालायचा मोह होतो, आमच्या घरी तर सासूबाई फोडणीची पळी हातात घेऊनच उभ्या होत्या, पण मूळ चव बघायची असेल तर एकदा तशीच प्या.

आता या पेजेचे दोन प्रकार, आणि खरं वैद्यक इथे सुरू होतं. एक जवासकट दाट पेज आणि दुसरं नुसतं गाळलेलं पाणी, आपण निवळ म्हणतो तसं. कोणाला कधी काय द्यायचं यावर तो लेखक प्रचंड काटेकोर आहे. माणूस एरवी दिवसातून दोनदा जेवणारा असेल तर पेजही दोनदा, एकदाच जेवणारा असेल तर सुरुवातीला एकदाच. तोंड ओलं राहायला लागलं, कफ नीट सुटायला लागला की प्रमाण वाढवायचं. पाय गार पडले असतील तर पेज नाही, पाणीसुद्धा नाही, ऊब पायापर्यंत उतरेपर्यंत थांबायचं. कुशीत दुखतंय आणि पोट साफ झालेलं नाही, अशा वेळी पेज दिली तर जिवावर बेतेल असंही लिहिलंय. थर्मामीटर नव्हता, ताप छातीवर हात ठेवून बघायचे, मग पाय गार की गरम, जीभ कोरडी की ओली, हेच त्यांचे रिपोर्ट! आणि त्या काळचे बाकीचे वैद्य दोन-तीन दिवस कडक उपाशी ठेवून मग एकदम पेज पाजायचे, त्यावर हा भयंकर चिडलाय, म्हणतो एकदम बदल कुठलाच चांगला नाही. आमच्या आजीला हे सगळं तोंडपाठ होतं, तिने ग्रीसचं नाव तरी ऐकलं होतं का देव जाणे.

उरलेले जव कोरडे भाजून दळून ठेवा, ग्रीक लोकांचं रोजचं खाणं तेच, भाजलेल्या जवाचं पीठ पाणी, दूध किंवा मधात कालवून केलेला गोळा, त्याला माझा म्हणायचे. हो, माझा! गूळ-दुधात सातूचं पीठ कालवतो तेच की हे. हिवाळ्यात भरपूर खा नि कमी प्या, उन्हाळ्यात असा मऊ गोळा खा आणि भरपूर पाणी घातलेली वाइन प्या, असा सल्लाही त्या ग्रंथांत सापडतो. वाइनचं तुमचं तुम्ही बघा.

आता दुसरी गोष्ट, ऑक्सिमेल, म्हणजे सिरका (व्हिनेगर) आणि मध. कफ सुटायला आणि श्वास मोकळा व्हायला हे द्यायचे, पण बायकांना सिरका जपून, गर्भाशयात दुखतं, असं त्याच ग्रंथात आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज नावाच्या वैद्याने मापच दिलं: सिरका पाच कोटिले, पाणी दहा कोटिले, मध दहा मिना आणि समुद्री मीठ एक मिना, दहा उकळ्या येईपर्यंत शिजवायचं. कोटिले म्हणजे पाव लिटरच्या जरा वर, मिना म्हणजे साधारण 430 ग्रॅम. करा हिशोब, चार किलोच्या वर मध! आणि मीठ एवढं की लोणचं घालता येईल. मी घरी पाव वाटी सिरका, अर्धी वाटी पाणी, पाऊण वाटी मध नि चिमूटभर मीठ घेते. सिरका उसाचा किंवा जांभळाचा घ्या, चायनीजवर मारतात तो पांढरा सिंथेटिक नको. भांडं स्टीलचं, पितळेच्या पातेल्याची कल्हई जरा जरी उडालेली असेल तर त्यात आंबट अजिबात उकळू नका.

इथेच आमच्याकडे महाभारत झालं. मध गरम करायचा? सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, तापवलेला मध म्हणजे विष, हे तुला कोणी शिकवलं?’ आयुर्वेदात तसंच आहे, आणि ग्रीक मात्र मध बिनधास्त उकळून वरचा फेस काढून टाकायचे. दोन्हीकडचे वैद्य तेवढेच ठाम. मी मधला रस्ता काढला, सिरका, पाणी नि मीठ उकळून थोडं आटवायचं, पूर्ण गार झालं की मध ढवळायचा. डायोस्कोरिडीज रागावेल, पण मला राहायचंय इथे इंदूरच्या रामबागेत, सासूबाईंसोबत. दोन चमचे एका ग्लास पाण्यात घालून प्यायचं, नुसतं प्यायलात तर दात आंबतात.

हेच पुढे इराणात गेलं आणि झालं सिकंजबीन, सिरका अधिक अंगबीन म्हणजे मध. हकिमांच्या औषधाला युनानी म्हणतात ते आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नावावरूनच, आपला यवन शब्दही तिथलाच, त्यामुळे युनानी दुकानात सिकंजबीनची बाटली आजही मिळते. शिकंजी हा शब्द त्याचाच. फक्त इंदूरच्या माणसाला शिकंजी म्हटलं की आटीव दुधाचा, ड्रायफ्रूट घातलेला तो दाट गोड ग्लास आठवतो, माझ्या नवऱ्याला पहिला घोट दिला तेव्हा त्याचं तोंड बघायचं होतं!

पेज फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच, आणि ती थिजून खरवसासारखी होते, गरम पाणी घालून सैल करायची. मध-सिरका काचेच्या बाटलीत दोन-तीन आठवडे राहतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, शुगरवाल्यांनी ऑक्सिमेलपासून लांब राहायचं, गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा ग्लूटेनचा त्रास असलेल्यांनी जवापासून. सासूबाईंनी दुसऱ्या खेपेला शेवटी जिऱ्याची फोडणी दिलीच, आणि पातेलं रिकामं झालं.