लँडस्केप फोटो फसतो तो कॅमेऱ्यामुळे नव्हे : ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत लँडस्केप फोटोग्राफी सुरू करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठला कॅमेरा घेऊ? त्याचं उत्तर या लेखात आहे, पण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. आपल्या भागातले फसलेले फोटो नीट पाहिले, तर दोष कॅमेऱ्याचा क्वचितच निघतो. सूर्य डोंगरामागे गेलेला असतो, खाडीला ओहोटी असते, हवा धुळीने भरलेली असते किंवा लेन्सवर बाष्प धरलेलं असतं. यातलं काहीच लाखभर रुपयांनी दुरुस्त होत नाही.

दिशा न बघता घराबाहेर पडणं

ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि पूर्वेला खाडी. नवी मुंबईत नेमकं उलटं : पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिक आणि खारघरचे डोंगर. म्हणजे पाण्यावरचा सूर्योदय ठाण्याच्या बाजूने मिळतो आणि पाण्यावरचा सूर्यास्त ऐरोली, वाशी, नेरूळच्या बाजूने. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या फेऱ्या वाचतात.

उपवन तलावाचं उदाहरण घ्या. तिथे संध्याकाळी गर्दी असते, म्हणून फोटोही संध्याकाळीच काढायचे असं लोक धरून चालतात. पण तलाव येऊरच्या पायथ्याशी आहे. पंचांगात सूर्यास्ताची जी वेळ असते, तिच्या बऱ्याच आधी सूर्य डोंगराआड जातो, तलाव सावलीत येतो आणि वरचं आकाश मात्र लख्ख राहतं. इतका फरक एका फोटोत मावत नाही : एकतर पाणी काळं पडतं किंवा आकाश पांढरं होतं. तिथेच सकाळी जा. पूर्वेचं कोवळं ऊन थेट डोंगराच्या उतारावर पडतं, वारा पडलेला असेल तर प्रतिबिंबही स्वच्छ मिळतं. खाडीवरच्या सूर्योदयाला उलट सवय लागते. पारसिकच्या डोंगरामागून सूर्य वर यायला थोडा उशीर होतो, त्यामुळे दिलेली वेळ टळली म्हणून ट्रायपॉड आवरायला घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. आपल्या अक्षांशावर उगवतीची जागा वर्षभरात बरीच सरकते : जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश, डिसेंबरमध्ये तेवढीच दक्षिणेला. मावळतीचंही तसंच. त्यामुळे वाशी पुलाच्या खांबांमध्ये सूर्य हवा असेल, तर डिसेंबरची जागा जूनमध्ये चालणार नाही. फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयरसारखं ॲप नकाशावर ही रेघ आखून दाखवतं. नवी लेन्स घेण्याआधी ते वापरायला शिका.

भरतीची वेळ न काढणं

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते, कारण आपली खाडी दिवसातून दोनदा संपूर्ण चेहरा बदलते. चकचकीत पाण्यात पुलाचे दिवे आणि रंगलेलं आकाश डोळ्यांसमोर ठेवून लोक जातात आणि समोर असतो फर्लांगभर चिखल.

कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, म्हणून सूर्योदय-सूर्यास्ताला बरोबर ओहोटी. हा ठोकताळा आहे. खाडीत आत, ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोहोचतं. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात अपोलो बंदरची नोंद पाहा. पण कुठल्या आठवड्यात जायचं हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

यातून निघणारी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. उधाण पौर्णिमा-अमावास्येला येतं, म्हणून 'भरपूर पाणी' हवं असणारे त्याच दिवसांची संध्याकाळ निवडतात. नेमकं तेव्हा पाणी नसतं. प्रतिबिंबासाठी सप्तमी ते दशमी या तिथी धरा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही, पण संध्याकाळच्या निळ्या उजेडात ते जागेवर असतं. चिखलातल्या वळणदार ओहोळांचे आकार, त्यांत अडकलेलं आकाश असं काही हवं असेल, तर मात्र पौर्णिमा-अमावास्येची पहाट उत्तम. फ्लेमिंगोंचंही गणित यावरच चालतं. ओहोटीला ते उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात आणि भरतीला नेरूळसारख्या भागातल्या पाणथळींकडे सरकतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मुक्काम. अग्रभागासाठी खारफुटीत किंवा चिखलात उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा चिखल गुडघ्याच्या वर गिळतो आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे.

धुरकट हवेशी भांडणं

डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूळ-धूर तिच्यातच साचून राहतो. त्या दिवसांत पाम बीच रोडवरून पलीकडचा किनारा दुधाळ दिसणारच. त्यावर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावणं. तो पानांवरची, पाण्यावरची चकाकी कापतो आणि सूर्याशी काटकोनात असलेलं आकाश गडद करतो. धुळीच्या पडद्यावर त्याचा फारसा जोर चालत नाही. दुसरा, एडिटिंगमध्ये धुरकटपणा कमी करणारा डीहेझचा स्लायडर शेवटपर्यंत ओढणं. त्याने आकाशात डाग उमटतात आणि डोंगराच्या कडेला विचित्र किनार दिसते.

धुरकट दिवशी दूरचा तपशील सोडून द्या. सूर्याच्या दिशेने, टेलिफोटोने (दूरचं जवळ आणणारी लेन्स), एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा टिपा. ज्या हवेने तपशील खाल्ला, तीच इथे खोली देते. स्वच्छ दृश्य हवंच असेल तर पावसाळ्यातली उघडीप किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पावसाने धुतलेले दिवस राखून ठेवा.

सगळं वाइड लेन्सने काढणं

लँडस्केप म्हणजे वाइड (खूप मोठा भाग एका फोटोत घेणारी लेन्स), हा समज सह्याद्रीत फार नुकसान करतो. पनवेलकडून प्रबळगड-कलावंतीण डोळ्यांना भव्य दिसतात, पण १८ मिलिमीटरवर फोटो काढला की त्यांची फुटभर टेकाडं होतात. कर्नाळ्याचा अंगठा, मलंगगडाचे सुळके, खारघरचा कडा यांना लांब फोकल लेंथ लागते, म्हणजे १०० ते २०० मिलिमीटरची टेलिफोटो. वाइड लेन्स वापरायची तर तिच्या अगदी जवळ, दोन-तीन फुटांवर काहीतरी ठोस हवं : ओला कातळ, होडीचं पुढचं टोक, गवताचा झुबका. तसं काही नसेल तर वाइड लेन्स फक्त रिकामी जागा वाढवते.

पावसाळा

आपल्याकडचा सगळ्यांत देखणा ऋतू हाच, आणि कॅमेऱ्याला सगळ्यांत वाईटही हाच.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून थंड झालेला कॅमेरा दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर लगेच बाष्प धरतं. ते पुसून उपयोग नाही, काच थंड असेपर्यंत पुन्हा धरणारच. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून बॅग बाहेरच्या हवेत अर्धा तास राहू द्या, किंवा शेवटच्या टप्प्यात गाडीचा एसी बंद करा. तोवर लेन्स बदलू नका, नाहीतर ओल सेन्सरपर्यंत जाते.

बुरशी याहून गंभीर. जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवला, तर काचेवर कोळिष्टकासारखे धागे उगवायला आपली हवा पुरेशी आहे. ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रता राखा. तेवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर एवढ्यावर भागतं. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, त्याचा भुसा सांध्यांमध्ये जातो.

धबधब्यांबद्दल. एक सेकंदाहून लांब शटरने (प्रकाश आत घेण्याचा वेळ) पाण्याचा कापूस होतो. पाव ते अर्ध्या सेकंदात धारांचे धागे शिल्लक राहतात आणि ते मला तरी जास्त खरे वाटतात. एनडी फिल्टर म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पट कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचं शटर साधारण एक सेकंदावर येतं. ढगाळ दिवशी तेवढीही गरज पडत नाही. पोलरायझरच एक ते दोन स्टॉप खातो आणि शिवाय ओल्या पानांची पांढरी चकाकी काढून हिरवा रंग बाहेर आणतो. पावसाळी फोटोसाठी एकच फिल्टर घ्यायचा तर हाच घ्या. एक्सपोजर मात्र पाण्याच्या पांढऱ्यावर ठेवा : हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला धडकला तर तो तपशील रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) बहुधा परत येत नाही, सावल्या बऱ्याच उचलता येतात.

खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात वारंवार प्रवेशबंदी लागते. वरच्या पावसाने पाणी एकाएकी वाढून तिथे माणसं वाहून गेली आहेत. कडा १०७ मीटर उंच आहे, दूरवरूनही दिसतो. बंदी असेल तेव्हा टेलिफोटोने लांबूनच काढा.

फोटो शार्प नाही, मग दोष कुठे?

संगणकावर फोटो १०० टक्के मोठा करा आणि आधी निदान करा. सगळीकडे एकाच दिशेला ओढल्यासारखी पुसट रेघ असेल तर कॅमेरा हलला आहे. ट्रायपॉड असूनही हलला असेल तर तो कुठे उभा होता ते आठवा. खाडीपुलावर किंवा स्कायवॉकवर अवजड गाडी गेली की पूर्ण सांगाडा थरथरतो, तिथे लांब एक्सपोजर टिकत नाही, जमिनीवर उतरा. मधला दांडा वर काढला होता का, जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी यंत्रणा) चालू राहिलं का, शटर बोटाने दाबलं का, हेही बघा. दोन सेकंदांचा टायमर फुकट आहे.

जवळचं पुसट आणि दूरचं स्वच्छ असेल तर फोकस चुकला. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी), क्रॉप सेन्सरला (लहान आकाराचा सेन्सर), १८ मिलिमीटर आणि एफ ८ (ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं माप) असताना साधारण दोन मीटरवर फोकस करा. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. अनेकजण त्याऐवजी एफ २२ लावतात. तिथे छिद्र इतकं बारीक होतं की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण फोटो मऊ पडतो. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा. दुपारी खाडीपलीकडचं लांबचं दृश्य पाण्यासारखं हलत असेल, तर ती तापलेल्या हवेची करामत आहे, तिला पहाटेशिवाय उपाय नाही. आकाशात दर फोटोत त्याच जागी काळे ठिपके दिसत असतील तर सेन्सरवर धूळ आहे.

आता खरेदी

पैसे आधी ट्रायपॉडला, मग लेन्सला, शेवटी बॉडीला (लेन्सशिवाय कॅमेरा). लँडस्केपमध्ये कॅमेरा बहुधा ट्रायपॉडवर आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर असतो. त्या परिस्थितीत फुल फ्रेम (मोठा सेन्सर) आणि क्रॉप सेन्सरमधला फरक लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी दिसतो. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयने २० बाय १३ इंचांची छपाई देते. दिवाणखान्याच्या भिंतीला ती पुरते. फुल फ्रेम घ्या ती रात्रीच्या आकाशासाठी किंवा हातात धरून कमी उजेडात काम करायचं असेल तर. मोबाइलवाल्यांनी अल्ट्रावाइडऐवजी मुख्य लेन्सने दोन-तीन फोटो जोडून पॅनोरमा करावा. मुख्य लेन्समागचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये मोठा असतो.

स्वस्त, हलका ट्रायपॉड खाडीच्या वाऱ्यात डोलतो, म्हणून मधल्या दांड्याला बॅग अडकवायचा हूक आहे का ते पाहा. पाय खाऱ्या पाण्यात बुडाले तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा आणि सांधे उघडून वाळवा. ड्रोनचा मोह झाला तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडा : विमानतळाभोवतालच्या रेड झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि नवी मुंबईत आता विमानतळ आहे.

जुनं साहित्य घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. फोर्टच्या बोरा बाजारात ते हाताळून पाहता येतं. जाताना छोटी टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. आत धागे किंवा धुकट चट्टा दिसला तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, कारण ती बुरशी तुमच्या डब्यातल्या इतर लेन्सनाही लागू शकते. मग पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर एक फोटो काढून सेन्सरचे डाग बघा, शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले) विचारा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.