पोटातली कळ मुरडा नसेल तर: लहान आतड्याचे विरळ आजार कसे ओळखायचे

पोटात कळ उठली की आधी ओवा-काळं मीठ, मग मेडिकलमधली गोळी, आणि तरी थांबली नाही तर बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायचं. बहुतेक वेळा मुरडाच असतो, निभावतं. पण आतडं अडलं असेल तर चोळण्याने नुकसान होतं आणि हातचे तास जातात.

आधी कागदावर लिहा: कळ किती वाजता सुरू झाली, उलटीचा रंग काय, वारा शेवटचा कधी सरला. अडलेल्या आतड्याची कळ लाटेसारखी येते, मग थोडी उसंत. ही उसंत संपून दुखणं सलग झालं की आतड्याचा रक्तपुरवठा तुटू लागलाय असं समजा.

मग पेशंटला आडवं करून दोन्ही जांघा बघा. बारीक अंगाच्या आजीच्या जांघेतली लिंबाएवढी दुखरी गाठ लुगड्याआड राहते, आणि अडकलेला हर्निया तिथे असू शकतो. ती आत ढकलू नका.

तीन महिने ते तीन वर्षांचं बाळ दर पंधरा-वीस मिनिटांनी किंचाळून पाय पोटाशी घेत असेल आणि मधे मलूल पडत असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लालसर जेलीसारखी शी उशिरा होते, तिची वाट पाहू नका. सोनोग्राफीत कळतं, आणि वेळेत गेलात तर बहुतेकदा शौचाच्या वाटेने हवा किंवा पाणी सोडून ऑपरेशनशिवाय सुटतं. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडल्याची शंका घेऊन लगेच निघा.

साधारण शंभरात दोघांना लहान आतड्याच्या शेवटच्या दोनेक फुटांत जन्मतःच एक पिशवी असते, मेकेल्स डायव्हर्टिक्युलम. ती सुजली की दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं. म्हणून अपेंडिक्स चांगलं निघालं तर सर्जन तेवढं आतडं चाचपून बघतात.

सगळ्यात फसवं दुखणं आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचं. माणूस तळमळतो, पण पोट हाताला मऊ लागतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) लागेल का ते विचारा. इथे उशीर झाला तर आतडं काळं पडतं.

महिनोन्महिने जेवणानंतर पोटात गुरगुर, कळ आणि वजनात घट असेल तर आतड्याचा टीबी डोक्यात ठेवा. दात नसलेल्यांना किंवा जठराचं ऑपरेशन झालेल्यांना न चावलेल्या संत्र्याच्या चोयट्यांचाही गोळा अडकतो.

निघताना खाणंपिणं बंद. एरंडेल, जुलाब, एनिमा काही नको, अडलेलं आतडं त्याने फुटू शकतं. गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वेगळी दाखवा. करमाळा, अक्कलकोटकडून सोलापूरला येणाऱ्यांनी १०८ ला फोन करावा. खासगीत जायचं असेल तर आधी विचारा: रात्री सीटी चालू असतो का, सर्जन आत्ता आहेत का? दोन्हीला हो नसेल तर सरळ सिव्हिल गाठा.