सर नसतानाही मैदान आखलं जावं म्हणून: संघात जबाबदारी कशी रुजवावी

इंदूरच्या रस्त्यावर चॉकलेटचा कागद टाकून बघा. महापालिकेचा माणूस येईल तेव्हा येईल, त्याआधी शेजारून जाणारा कोणीतरी "भिया, डस्टबिन उधर है" म्हणून टोकेल. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर आला आणि पुढेही येत राहिला, त्याचं श्रेय दंडाला देणारे बरेच आहेत. मला वाटतं, आधी दारासमोर गाणं वाजवत कचरागाडी रोज येऊ लागली आणि मग लोकांना एकमेकांना टोकायचा हक्क मिळाला. गाडीच आली नसती तर टोकणाऱ्यालाच चार शब्द ऐकावे लागले असते.

संध्याकाळी मुलामुलींना खो-खो शिकवताना मी हा क्रम बरीच वर्षं उलटा लावला. आधी दंड, मग सोय. त्यात आमच्या गावाला कडक शिस्तीचं भारी कौतुक. चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी घरोघरी झाल्या. आमच्यासारख्या गल्लीतल्या प्रशिक्षकांनी त्यातून काय उचललं? मोठ्या आवाजाची शिट्टी. म्हणून पुढे लिहितोय ते माझ्या चुकांतून आलेलं आहे. खेळ खो-खोचा आहे, पण कबड्डी किंवा क्रिकेटच्या संघालाही लागू पडेल.

पहिली पायरी: स्वतःची चूक आधी मांडा

एका स्पर्धेच्या सकाळी मी एका मुलाला त्याच्या नेहमीच्या चौकातून, म्हणजे बसायच्या आखलेल्या चौकोनातून, शेजारच्या चौकात बसवलं. खांबाजवळ उंच मुलगा हवा, एवढाच विचार केला. आता खो-खोत शेजारशेजारचे आक्रमक, म्हणजे पाठलाग करणाऱ्या संघातले खेळाडू, विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, म्हणजे एक चौक सरकवला की सगळं जग उलटं होतं. त्याला खो मिळाला आणि तो सवयीने नेहमीच्या बाजूला उठला. फाउल. धावणारा निसटला, पुढच्या मिनिटात पुन्हा तेच, आणि आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या टेम्पोत सगळे त्या मुलावर तुटून पडले. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आठ दिवस तो मैदानावर आला नाही.

नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं की जागा मी बदलली होती, सराव न करता बदलली होती. हे टेम्पोतच सांगायला हवं होतं. संघात कोण कोणाला जाब विचारू शकतं, हे मुलं तुमच्या भाषणावरून ठरवत नाहीत. चूक झाल्यावर तुमची नजर कुठे जाते, हे ती बघत असतात.

दुसरी पायरी: नियम मुलांनाच करू द्या, पण डोळ्यांना दिसणारे

मुलांना गोल बसवा आणि विचारा, "आपल्या संघात कोणत्या गोष्टीने सगळ्यात जास्त त्रास होतो?" पहिल्या दिवशी "मन लावून खेळावं", "एकी असावी" असली शाळेच्या फळ्यावरची वाक्यं येतील. ती बाजूला ठेवा. मन लागलं की नाही हे कोण मोजणार? "पावणेसहाला मध्य पाटीजवळ (मैदानाच्या मधल्या पट्ट्याजवळ) उभं असायचं", "येणार नसू तर दुपारी चारच्या आत कर्णधाराला सांगायचं", "खो मिळायच्या आधी उठलो तर आपणच हात वर करायचा" असे नियम हवेत. चार पुरेत. आमचे एकदा अकरा झाले होते. महिन्याने एकही कोणाला धड आठवेना.

परीक्षेचे दिवस यात आधीच धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं रोज येणार नाहीत. ते आधीच ठरलं असेल तर गैरहजेरी होत नाही, रजा होते.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाला एकच नाव

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटतो. यातला काही भाग एकाच वेळी ओढायला न जमल्यामुळे असतो, पण सगळा नाही. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं. घोळक्यात प्रत्येकाचा आवाज थोडा उतरलाच. त्यानंतरच्या एका प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, तेव्हा हे अंग चोरणं जवळपास थांबलं. रस्सीखेचीत शेवटी उभं राहून नुसतं तोंड वाकडं करणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. (मी स्वतः शाळेत तोच होतो.)

म्हणून "सगळ्यांनी मिळून मैदान आखा" असं सांगू नका. दोरी एकाची, चुना दुसऱ्याचा, खांब तपासणं तिसऱ्याचं, पाण्याचा कॅन चौथ्याचा. आठवड्याने फेरपालट. नावं कागदावर लिहून सामानाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

चौथी पायरी: वही, आणि ती कोणाच्या हाती

वहीत तीन-चारच रकाने ठेवा: वेळेवर आला का, फाउल किती, संरक्षण करताना किती सेकंद टिकला. वही भिंतीवर लावायची नाही, पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही. मागच्या आठवड्याचा मी आणि या आठवड्याचा मी, एवढीच तुलना.

वही कोणी लिहायची, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे आठवीतली मुलगी अकरावीतल्या दादाला "तू लवकर उठलास" असं तोंडावर म्हणणार नाही. दादाला ते रुचणारही नाही. तिच्या हातात वही आणि स्टॉपवॉच द्या. आता ती बोलत नाही, वही बोलते. दोन-तीन आठवड्यांत दादा स्वतःच येऊन विचारतो, "माझे किती झाले गं?" आणि तिथून तिला बोलता येतं. लिहिणारं आठवड्याला बदलत राहा, नाहीतर वहीवालीचाच रुबाब वाढतो.

पाचवी पायरी: शेवटची पाच मिनिटं

सराव संपला की सगळे खाली बसा, तुम्हीही. प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं आणि ते "मी" पासून सुरू व्हायचं. सुरुवात कर्णधाराची. "मी आज खांबावर वळताना दोनदा हात न टेकवता गेलो. उद्या दहा वेळा नुसतं वळणं करणार." बस. दुसऱ्याबद्दल बोलायचं असेल तर काय पाहिलं आणि त्याने काय झालं, एवढंच सांगायचं. "तू नेहमीच ढिला असतोस" हे चालणार नाही. "तू खो देताना हात लागायच्या आधी ओरडलास, म्हणून मी उठले नाही" हे चालेल.

व्हॉट्सॲपच्या गटावर कोणाच्याही चुकीचा विषय काढू नका. तिथे आईवडील असतात, काका असतात आणि रात्री अकराला उत्तरं येतात.

सहावी पायरी: चुकेल त्याचं काय

हे आधीच ठरलेलं हवं आणि चुकीशी जोडलेलं हवं. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी चुना आणि दोरी दोन्ही त्याच्याकडे. न सांगता दांडी मारली तर पुढच्या सामन्यात सुरुवात बाकावरून. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. धावणं हा आपला खेळ आहे, तीच शिक्षा केली तर मुलांनी धावण्यावर प्रेम कधी करायचं?

खरी कसोटी संघातल्या सगळ्यात चपळ खेळाडूची वेळ येते तेव्हा. पहिल्या वेळी मी कच खाल्ली. उपांत्य सामना होता, त्याला पहिल्या तुकडीत उतरवलं, आम्ही जिंकलो आणि पुढचे दोन महिने कोणीही वेळेवर आलं नाही. दुसऱ्या वेळी त्याला बसवलं. हरलो. काही पालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

रुजलं की नाही, कसं ओळखाल

एक दिवस न सांगता उशिरा जा. मी गेल्या हिवाळ्यात गेलो. शिट्टी नव्हती, आरडाओरडा नव्हता. पाट्या आखलेल्या होत्या, एक जरा तिरपी, आणि पहिली तुकडी धावत होती. वहीवाल्या मुलीने मान वर न करता घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: सर, १२ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी चुना माझ्याकडे होता.