दाढेचा सीबीसीटी वाचताना या चुका टाळा

"मॅडम, सोळा नंबरला एमबी-टू नाहीये," असं एखादा पीजी विद्यार्थी सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) बघून ठामपणे सांगतो, तेव्हा मी विचारते, "स्लाइस (स्कॅनचा काप) कुठल्या अक्षात बघितलीस?" बहुतेक वेळा उत्तर येतं, सॉफ्टवेअर उघडल्यावर दिसली तशीच. (सोळा नंबर म्हणजे वरची उजवी पहिली दाढ; एमबी-टू म्हणजे तिच्या मेसिओबकल मुळातला दुसरा कॅनाल, मुळातली नसेची बारीक नळी.)

सगळ्यात जास्त कॅनाल इथेच हुकतात. आडवी स्लाइस मशीनच्या हिशेबाने पडलेली असते. वरच्या पहिल्या दाढेचं मेसिओबकल (पुढचं, गालाकडचं) मूळ तिरकं असतं आणि टोकाकडे बहुधा डिस्टलला (मागे) वळतं. त्याचा काप तिरपा गेला की दोन कॅनाल एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. आधी अक्ष त्या मुळाला समांतर लावा, मग चेंबरच्या (दाताच्या आतल्या पोकळीच्या) तळापासून टोकापर्यंत सावकाश स्क्रोल करा, आणि तसंच परत वर या. सापडलेला कॅनाल मुळाच्या मध्यावर नसून बकल (गालाकडच्या) बाजूला सरकलेला असेल, तर पॅलेटल (टाळूकडच्या) बाजूला दुसरा आहे असं धरूनच शोधा. पुढच्या मुळासाठी अक्ष पुन्हा लावायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

मग व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधला सगळ्यात छोटा घन ठिपका, बघा. कॅनाल साफ करायच्या 10 नंबरच्या फाइलचं टोक 0.10 मिमी असतं. इम्प्लांटसाठी काढलेल्या पूर्ण जबड्याच्या स्कॅनचा व्हॉक्सेल 0.3 मिमी असेल, तर इतका बारीक कॅनाल भोवतालच्या डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) करड्या रंगात विरून जातो. अशा वेळी "नाही" लिहू नका, "दिसला नाही" लिहा. थीसिससाठी जुने स्कॅन गोळा करताना वेगवेगळे व्हॉक्सेल एकत्र केलेत, तर येणारी टक्केवारी निम्मी मशीनचीच असते.

अर्थात प्रत्येक दाढेला सीबीसीटी लागत नाही. आधी दोन आरव्हीजी (छोटे डिजिटल एक्स-रे) घ्या: एक सरळ, दुसरी एक्स-रे ट्यूब साधारण 20 अंश मेसियलला (पुढे) नेऊन. क्लार्कचा 1910 चा नियम आठवा, ट्यूब जिकडे जाते तिकडे पॅलेटल कॅनाल सरकतो. कॅनालची ठळक रेषा मध्येच गायब झाली, तर तिथे फाटा फुटल्याचा संशय घ्या. शंका उरलीच तर लहान फील्डचा (कमी भाग टिपणारा) सीबीसीटी स्कॅन, 5 बाय 5 सेंमी पुरतो.

क्राउन (दातावरची टोपी), पोस्ट (मुळात बसवलेला खांब), गट्टापर्चा (कॅनाल भरायचा पदार्थ) यांच्या बाजूला काळे पट्टे उमटतात आणि ते हमखास "राहून गेलेला कॅनाल" वाटतात. खरा कॅनाल स्लाइसगणिक सलग खाली जातो. पट्टा मात्र भरलेल्या भागापासून किरणासारखा फुटतो, कधी मुळाची हद्द ओलांडून हाडातही शिरतो.

शेवटचं, वर्गीकरण. व्हर्टुचीने 1984 मध्ये 2,400 दात पारदर्शक करून मुळातल्या कॅनालच्या मांडणीचे 8 प्रकार मांडले. खालच्या दुसऱ्या दाढेचा सी-शेप (इंग्रजी C अक्षरासारखा कॅनाल) त्यात कोंबू नका. तो वर अखंड सी असतो, थोडं खाली दोन तुकड्यांत तुटतो, टोकाजवळ कधी पुन्हा जुळतो. एकाच स्लाइसचा स्क्रीनशॉट लावून प्रकार ठरवलेला मास्टरचार्ट (थीसिसच्या नोंदींचा तक्ता) मी परत पाठवते. कॅनालच्या तोंडाशी, मध्यावर आणि टोकाकडे असे तीन काप घ्या, आणि तिन्हींचा आकार वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.