किलिमांजारोच्या कॉफीचा इतिहास कसा अभ्यासावा

वसाहतकाळात आफ्रिकी शेतकरी कॉफीकडे कसा वळला, हे समजून घ्यायचे असेल तर सगळा आफ्रिका खंड एकदम हाती घेऊ नये. एकच डोंगर निवडावा. त्यासाठी आजच्या टांझानियातील किलिमांजारोच्या उतारावरील चाग्गा शेतकऱ्यांइतके बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात सरकारी अहवालापासून न करता शेतापासून करावी. चाग्गा कुटुंबाचे घर केळीच्या बागेतच असे आणि या बागेला ‘किहाम्बा’ म्हणत. डोंगरातल्या ओढ्यांवरून काढलेल्या पाटांचे पाणी तिला मिळे, आणि घरात बांधलेल्या गुरांचे शेण केळीच्या बुंध्याशी पडे. अरेबिका कॉफीला अशीच सावली, ओल आणि खत मानवते. त्यामुळे पोटाचे पीक न मोडता तिला केळीखाली जागा मिळाली. १९व्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक मिशनऱ्यांनी रोपे आणली हे खरे, पण नुसत्या रोपांनी मळा उभा राहत नाही.

मग पैशाचा माग काढावा. झोपडीकर रोखीने भरावा लागे, आणि त्यासाठी एक तर गोऱ्यांच्या मळ्यावर मजुरीला जायचे, नाही तर विकण्याजोगे काही पिकवायचे. मळेवाल्यांनी आफ्रिकी कॉफीविरुद्ध रोगराईची आणि चोरीची भीती पुढे केली. या तक्रारी वाचताना मजुरांच्या टंचाईविषयीचे त्यांचेच बोलणे शेजारी ठेवावे, म्हणजे खरे दुखणे कुठे होते ते कळते.

संस्थांचे कागद सर्वांत सावधपणे वाचावेत. किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशी गावातील ब्रिटिश अधिकारी चार्ल्स डंडस यांनी लागवडीला उत्तेजन दिले आणि १९२५ मध्ये चाग्गा उत्पादकांची संघटना उभी राहिली. १९३३ मध्ये तिच्या जागी सहकारी संघ आला. ‘सहकार’ म्हटले की आपल्याला कारखान्याची निवडणूक आठवते, पण इथे संघालाच कॉफी विकण्याची सक्ती होती आणि १९३७ मध्ये त्याविरुद्ध दंगे झाले.

तुलनेसाठी शेजारचा केनिया घ्यावा. तिथे १९३०च्या दशकातील मोजके प्रयोग सोडले तर आफ्रिकींना अरेबिका लावू दिली जात नव्हती. ही वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १९५४च्या स्विनर्टन योजनेनंतर, म्हणजे आफ्रिकी शेतीच्या सुधारणेसाठी वसाहत सरकारने आखलेल्या योजनेनंतर.

जुन्या कुटुंबांशी बोलण्याची संधी मिळाली, तर केळी बाईची आणि कॉफीचा पैसा पुरुषाचा असताना त्या कॉफीच्या झाडांची खुरपणी कोण करत होते, हे आवर्जून विचारावे.