‘तो कसा आहे?’ : इंग्रजीतून माणसाचे वर्णन शिकवताना

माणसाचे वर्णन हा धडा बहुतेक वर्गांत विशेषणांच्या यादीने सुरू होतो. फळ्यावर टॉल, शॉर्ट, थिन, फेअर, काइंड, ऑनेस्ट असे शब्द येतात, त्यांचे मराठी अर्थ वहीत उतरतात आणि दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांमध्ये एकच माणूस सापडतो : उंच, गोरा, प्रामाणिक आणि अतिशय दयाळू. नाशिकमध्ये संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला शिकवताना मीही अनेक वर्षे हेच करत होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारे तरुण आणि दिंडोरी-निफाडकडून शिकायला आलेली मुले शेजारीशेजारी बसत, त्यांची आयुष्ये एकमेकांपासून कितीतरी वेगळी असत, पण त्यांनी लिहिलेले वडील मात्र एकाच साच्यातले असत. शब्द कमी पडत होते म्हणून असे होत नव्हते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, हेच मुलांना ठाऊक नव्हते आणि त्याला आपली मराठी काही अंशी कारण आहे.

मराठीत ‘तो कसा आहे?’ हा एकच प्रश्न प्रकृती, रूप आणि स्वभाव या तिन्हींची चौकशी करतो. कोणती, ते प्रसंगावरून समजते. इंग्रजीत त्याचे तीन प्रश्न होतात. प्रकृतीसाठी “हाऊ इज ही?”, रूपासाठी “व्हॉट डझ ही लुक लाइक?” आणि स्वभावासाठी “व्हॉट इज ही लाइक?” शेवटच्या दोहोंतील ‘लाइक’ म्हणजे ‘सारखा’, हे एकदा सांगून भागत नाही, कारण विद्यार्थ्याच्या कानाला ‘लाइक’ म्हणजे ‘आवडणे’ एवढेच माहीत असते आणि “व्हॉट डझ ही लाइक?” हा चौथा प्रश्न तितकाच बरोबर असतो. म्हणून पहिल्या तासाला यादी देऊच नये. फळ्यावर हे चार प्रश्न लिहावेत आणि चिठ्ठ्यांवर फक्त उत्तरे द्यावीत : “मच बेटर नाऊ, थँक यू.” “ही हॅज अ थिन फेस अँड अ ग्रे मुस्टॅश.” “ही नेव्हर लूझेस हिज टेम्पर.” “टी विदाउट शुगर.” कोणती चिठ्ठी कोणत्या प्रश्नाखाली जाते, हे जोडीजोडीने ठरवू द्यावे. अर्ध्या तासात वर्गाला जे उमगते, ते विशेषणांच्या दोन पानांनी उमगत नाही.

रूपाचे वर्णन शिकवायला छायाचित्र घ्यावे, आणि ते ओळखीच्या जागेचे असावे. मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातील छायाचित्र वापरतो : जमिनीवर गोणपाट पसरून बसलेली एक आजी, समोर मेथीच्या जुड्या, डोक्यावर पदर, नाकात नथ. बाई कोण, हे कोणालाही ओळखता येऊ नये म्हणून चेहरा अर्धा वळलेला आहे, आणि तसे छायाचित्र मी मुद्दाम निवडले आहे. या एका चित्रातून मराठी विद्यार्थ्याची सर्वांत खोल रुजलेली चूक वर येते. आपण ‘ती बसली आहे’, ‘तिने हिरवे लुगडे नेसले आहे’, ‘त्याने टोपी घातली आहे’ असे म्हणतो. क्रिया पुरी झाली आणि तिची स्थिती उरली, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ वापरतो. विद्यार्थी ते जसेच्या तसे उचलतो आणि “शी हॅज सॅट”, “ही हॅज वोर्न अ कॅप” असे लिहितो. इंग्रजीला इथे अपूर्ण काळ लागतो : “शी इज सिटिंग”, “ही इज वेअरिंग अ कॅप”. बसणे, उभे राहणे, टेकणे, निजणे, अंगावर काही असणे, एवढी पाच-सहा क्रियापदे वेगळी काढून त्यांचा सराव चित्रांवरच करून घ्यावा. हा फरक नियम म्हणून सांगितला तर मुले मान डोलावतात आणि पुन्हा तेच लिहितात. चित्रावर बोट ठेवून वीसदा बोलले की मग तो जिभेवर बसतो. रोजची सवय असेल तर मात्र “ही वेअर्स ग्लासेस” असे साधे वर्तमान येते. आजीने आज हिरवे लुगडे नेसले आहे आणि ती नेहमी नऊवारीच नेसते, ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की दोन्ही काळ एकत्र शिकवता येतात.

दुसरी अडचण क्रियापद निवडण्याची. ‘त्याचे केस कुरळे आहेत’, ‘त्याचे वय बारा आहे’, ‘त्याला दोन भाऊ आहेत’, अशी मराठीत सगळीकडे ‘आहे’ची सोय आहे. इंग्रजीत उंची, बांधा आणि वय ‘इज’कडे जाते, तर केस, डोळे, मिशी आणि नातेवाईक ‘हॅज’कडे. “हिज एज इज ट्वेल्व्ह” अगदीच चूक नाही, पण “ही इज ट्वेल्व्ह” हे स्वाभाविक आहे; “ही इज हॅविंग टू ब्रदर्स” मात्र सोडू नये. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी असले तरी इंग्रजीतील ‘हेअर’ला ‘स’ लागत नाही. विशेषणे एकापुढे एक आली तर आधी आकार आणि शेवटी रंग, म्हणजे “लाँग, कर्ली, ब्लॅक हेअर”, एवढे सांगून पुढे जावे. या क्रमाचे तक्ते पुस्तकांत असतात; ते पाठ करून कोणी बोलताना मला दिसलेले नाही.

काही शब्दांबाबत मात्र थांबावे लागते. ‘तब्येत चांगली आहे’ हे मराठीत सौम्यपणे ‘जाड’ या अर्थाने चालते, पण ‘हेल्दी’ म्हणजे इंग्रजीत निरोगीच. ‘व्हीटिश’ हा गहूवर्णासाठीचा शब्द भारताबाहेर फारसा कोणी ओळखत नाही. ‘होमली’ ब्रिटिश इंग्रजीत घरगुती, आपलेपणाचा, तर अमेरिकनाच्या कानाला दिसायला बेताचा. ‘साधा माणूस’ म्हणून “अ सिम्पल मॅन” लिहिले तर वाचणाऱ्याला तो बुद्धीने कमी वाटू शकतो. “ही लिव्ह्ज सिम्पली” लिहिले तर हवे तेच पोहोचते. आणि सरावासाठी वर्गातल्याच मुलांना एकमेकांच्या अंगाचे वर्णन करायला कधीही लावू नये. फॅट, डार्क, शॉर्ट हे शब्द फळ्यावरून उतरतात आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी नावाला चिकटतात; मी ही चूक एकदा केली आणि ती निस्तरायला मला पूर्ण सत्र लागले.

आईवडिलांविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन आडवे येते. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ याचे “माय फादर आर फार्मर” होते आणि पुढच्या वाक्यात ‘ते’चे ‘दे’ होते, त्यामुळे वडील एकाएकी अनेक होतात. इंग्रजीत ‘ही’ म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही, हे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण नियम कळूनही त्यांचे मन कचरते. व्यवसायापूर्वीचा ‘अ’ही इथेच शिकवून टाकावा. नात्यांच्या बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा गरीब आहे : आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघी एका ‘आंट’मध्ये कोंबल्या जातात, आणि नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी ‘सिस्टर-इन-लॉ’मध्ये. नाते नेमके सांगायचेच असेल तर “माय फादर्स सिस्टर” असे उलगडावे. ‘कझिन ब्रदर’ ही आपली सोय आहे. प्रमाण इंग्रजीत नुसता ‘कझिन’ पुरतो.

स्वभावाच्या वर्णनासाठी मी एकच नियम ठेवतो : विशेषण लिहिले की “हाऊ डू यू नो?” या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वाक्यात आलेच पाहिजे. दिंडोरीकडच्या एका मुलाने आजोबांविषयी “ही इज व्हेरी हार्डवर्किंग” असे लिहिले. कशावरून, असे विचारल्यावर त्याने मराठीत सांगितले की, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आजोबा उजाडण्यापूर्वी द्राक्षबागेत जातात आणि मजूर येईपर्यंत एक ओळ छाटून झालेली असते. तेच आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत आणले : “इन ऑक्टोबर, ही गोज टू द व्हिनयार्ड बिफोर सनराइज. व्हेन द वर्कर्स अराइव्ह, ही हॅज ऑलरेडी प्रून्ड वन रो.” यानंतर ‘हार्डवर्किंग’ हा शब्द त्याने स्वतःच खोडला. सवयींची अशी वाक्ये लिहवून घेण्यात आणखी एक फायदा आहे : तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’, जो प्रत्येक चाचणीत गळतो, तो इथे पंचवीस वेळा हाताखालून जातो. वारंवारता सांगणारी क्रियाविशेषणे मुख्य क्रियापदाआधी येतात, म्हणजे “ही ऑल्वेज कीप्स”, हेही ओघातच शिकवता येते.

रूप आणि स्वभावानंतर माणसाचे आयुष्य येते, आणि तिथे सारा प्रश्न काळांचा आहे. नाशिकच्या शिक्षकाला यासाठी दूर जावे लागत नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचे. पुढे सैन्यात गेल्यावर ते रोइंग शिकले, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. ‘खोदायचे’ हा आपला रीतिभूतकाळ आणि इंग्रजीतील ‘यूज्ड टू’ एकमेकांना जवळजवळ तंतोतंत भेटतात : “ही यूज्ड टू डिग वेल्स विथ हिज फादर.” मराठी विद्यार्थ्याला इतकी फुकट मिळणारी रचना इंग्रजीत क्वचितच असते, म्हणून ती आधी घ्यावी. त्यानंतर एकदाच घडलेल्या गोष्टी साध्या भूतकाळात मांडाव्यात.

साध्या भूतकाळासाठी दादासाहेब फाळके सोयीचे आहेत. 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला जन्म, 1913 मध्ये पहिला चित्रपट, 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला मृत्यू. फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्यावर ही वर्षे मांडावीत आणि वाक्ये मुलांकडून घ्यावीत. ‘जन्म झाला’वरून “ही बॉर्न” किंवा “हिज बर्थ वॉज” असे काहीतरी येते, “ही वॉज बॉर्न” हा तुकडा फोड न करता एकसंध पाठ करून घ्यावा. मराठी चरित्रलेखनात ‘1913 साली ते चित्रपट प्रदर्शित करतात’ अशी वर्तमानाची लकब चालते, ती शिकणाऱ्यांना इंग्रजीत तरी वर्ज्य करावी. चित्रपटांपूर्वी फाळके छपाईच्या व्यवसायात होते, तेव्हा ‘हॅड वर्क्ड’ दाखवायलाही जागा मिळते, पण तो काळ पहिल्या फेरीत सोडला तरी चालेल.

फाळक्यांशेजारी सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांना ठेवावे. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य त्यांनी मिळवले. वर्ष सांगितले की “शी वन”. वर्ष न सांगता आजवरचा हिशेब मांडला की “शी हॅज वन”. फाळक्यांबद्दल मात्र ‘हॅज मेड’ म्हणता येत नाही, कारण त्यांचा हिशेब बंद झाला आहे. हा भेद जिवंत आणि दिवंगत माणसे शेजारी ठेवल्यावर जितका ठसतो, तितका व्याकरणाच्या आकृतीने ठसत नाही. कुसुमाग्रजांवर तर मी नेहमी एक सापळा लावतो. वर्गातील निम्मी मुले त्यांचा जन्म नाशिकचा लिहितात. तो 27 फेब्रुवारी 1912 रोजी पुण्यात झाला. मग “ही वॉज बॉर्न इन पुणे, बट ही लिव्ह्ड इन नाशिक” या वाक्यात ‘हॅज लिव्ह्ड’ का नाही, हा प्रश्न मी मुलांवर सोडतो. तेच मुलाने स्वतःविषयी लिहिताना “आय अ‍ॅम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स” केले, की ‘दहा वर्षांपासून’मधील ‘पासून’ने त्याला फसवले आहे, हे दाखवून “आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स” पर्यंत आणावे.

शेवटचे काम वर्गाबाहेरचे द्यावे. प्रत्येकाने ओळखीच्या एका माणसाशी, शिंपी, रिक्षाचालक, फुलवाली, शेजारच्या आजी, कोणाशीही, पंधरा मिनिटे बोलावे. बोलणे मराठीत, टिपणही मराठीत. यात लबाडी काहीच नाही, उलट इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना माणसे परीक्षेला बसल्यासारखी उत्तरे देतात. लहानपणी काय करायचात, या कामात कसे आलात, आता दिवस कसा जातो, आणि हातातली एखादी वस्तू किती जुनी, एवढे चार प्रश्न पुरेत. परवानगी घ्यावी, लेखात खरे नाव बदलावे. घरच्या माणसावरच लिहा, असा आग्रह धरू नये : कोणाचे वडील नसतात, कोणाचे असून नसल्यासारखे असतात, आणि शिक्षकाला ते माहीत असतेच असे नाही. लेख शंभर ते सव्वाशे शब्दांचा असावा. तपासताना लाल शाईने पान रंगवू नये. त्या आठवड्यात शिकवलेल्या दोन-तीन गोष्टींच्याच चुका दाखवाव्यात, बाकीच्या पुढच्या खेपेस.

लेख तपासून झाले की मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि वाचन संपल्यावर ऐकणाऱ्यांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारावेत. मागच्या सत्रात एकाने शिंप्याविषयी वाचले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “हू यूज्ड द मशीन बिफोर हिम?” त्याने टिपणवही उलटीसुलटी केली, उत्तर तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन आला आणि लेखाच्या शेवटी एक ओळ वाढली : “इट बिलाँग्ड टू हिज मदर.”